डिस्प्ले येत नाही

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या कुठल्याही गाळ्यात अर्धा तास उभे राहा, हे वाक्य दोन-तीनदा तरी कानावर पडेल. "डिस्प्ले येत नाही." मशीन चालू होतं, पंखे गरगरतात, हल्लीच्या फॅशनप्रमाणे आत लाल-निळे दिवेही लागतात, फक्त स्क्रीन काळी ती काळीच. गिऱ्हाईक घाबरलेलं असतं. काळ्या स्क्रीनच्या मागे काय चाललंय ते त्याला दिसत नसतं, मग काउंटरपलीकडचा माणूस जे सांगेल ते खरं.

गेल्या महिन्यात हे प्रकरण आमच्याच बिल्डिंगमध्ये झालं. जिचं मशीन आहे तिला विचारून लिहितोय, नावं कुणाचीच लिहिणार नाही. पोस्ट लांब आहे. पालिकेवर काहीतरी वाचायला आलेल्यांनी उद्या यावं, तो विषय कुठे पळून जात नाही.

मुलगी एकवीस वर्षांची. इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा झालाय, आणि डोंबिवली-कल्याणकडच्या दोन कॉन्ट्रॅक्टरना फ्लॅटचे थ्रीडी व्ह्यू करून द्यायचं काम मिळालंय. म्हणजे तुमचं किचन तयार झाल्यावर कसं दिसेल त्याचं चित्र. ही चित्रं साध्या लॅपटॉपवर निघत नाहीत, एकेक फ्रेम निघायला रात्र जाते. तयार मशीनचे भाव परवडणारे नव्हते, म्हणून तिने सुटे पार्ट घेऊन स्वतःच असेंबल करायचं ठरवलं. एकूण ४६ हजार. त्यातले ३० हजार तिच्या आईने बचत गटातून उचलले. आई घरी शिवणकाम करते. हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला, आणि बचत गटाच्या मीटिंगमध्ये हप्ता चुकला की काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

पार्ट लॅमिंग्टन रोडवरून आणले. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ग्रँट रोडला उतरायचं, पाच दुकानांतून कोटेशन घ्यायचं आणि सहाव्यातून माल घ्यायचा, अशी तिथली रीत. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस नवीन, बिलासकट. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड, कारण नवीन घेतलं असतं तर बजेट तिथेच संपलं असतं. रविवारी दुपारी तिने जमिनीवर चादर अंथरून, व्हिडिओ बघत, सगळं जोडलं. व्यवस्थित जोडलं, हे मी नंतर उघडून पाहिलंय. वायरी तर माझ्यापेक्षा नीट बांधल्या होत्या. बटण दाबलं. पंखे फिरले. डिस्प्ले नाही.

पुढचे अकरा दिवस ती तीन ठिकाणी गेली. पहिला म्हणाला, मदरबोर्ड डेड आहे, तुम्हीच शॉर्ट केला असणार, वॉरंटी मिळणार नाही. दुसरा म्हणाला, सेकंडहँड कार्ड घेतलंत ना, तेच गेलंय, साडेचौदा हजारांत नवीन देतो. तिसऱ्याने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. प्रोसेसर उडालाय म्हणाला, आणि तपासणीचे ५०० रुपये घेतले. एकच मशीन, एकच काळी स्क्रीन, तीन वेगवेगळे निदान. आणि ज्याच्याकडे जो पार्ट विकायला होता त्याने तोच गेलाय असं सांगितलं. हे सगळं आठ-दहा किलोचं कॅबिनेट मांडीवर घेऊन, कधी रिक्षाने, एकदा तर लोकलने. कळव्याला सकाळची गाडी आधीच भरून येते, त्यात कॅबिनेट घेऊन चढणाऱ्या मुलीला लोक काय काय बोलले असतील ते वेगळं.

माझ्याकडे ती कशी आली, तर मी २००२-०३ च्या सुमारास एका पेपरच्या डीटीपी विभागात होतो. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झालेला, बातमीपेक्षा बंद पडलेली मशिनं जास्त वाट्याला यायची. त्या काळात पोस्टाच्या पेटीसारखे जड मॉनिटर होते, पण एक सोय होती. मशीनला बोलता यायचं. बोर्डावर एक बारका स्पीकर असायचा, चालू करताना एक छोटी बीप आली की सगळं ठीक. अ‍ॅवॉर्ड बायोसच्या बोर्डवर एक लांब आणि दोन तोकड्या बीप आल्या की ग्राफिक्स कार्डाची तक्रार. आम्ही दुसऱ्या खोलीत बसून आवाजावरून सांगायचो. आता कॅबिनेटमध्ये शंभर रंगांचे दिवे देतात आणि वीस-तीस रुपयांचा स्पीकर काढून टाकतात. बोर्डावर त्याची पिन अजून असते, पण कॅबिनेटबरोबर तो येतोच असं नाही.

तिच्याबरोबर तिचे आजोबाही वर आले होते. त्यांना मी काका म्हणतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं वायरमन म्हणून काढली. कळवा-विटावा-दिघा पट्ट्यातल्या जुन्या घरांत असा एक माणूस अजून सापडतो, ज्याच्या कपाटात टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर आणि चिकटपट्टीची अर्धी रिळं असतात. काकांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, ते तसं सरळ सांगतात. पण ते बसल्या बसल्या म्हणाले, "कुणी मोजलं का? का नुसतं बघून सांगितलं?"

कुणीच मोजलं नव्हतं.

सुरुवात मॉनिटरपासून. ऐकायला बावळटपणाचं वाटतं, पण डिस्प्ले येत नाही म्हटल्यावर आधी डिस्प्लेच तपासायचा. घरातल्या सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल त्या मॉनिटरला लावली, मालिका दिसली. मॉनिटर सुटला. तिची केबल टीव्हीला लावली, तीही सुटली. मग केबल कुठे लावली आहे ते पाहिलं. पुष्कळ जणांचा घोळ इथेच होतो. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं भोक असतं, पण त्यातून चित्र यायला प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स असावं लागतं. सगळ्या प्रोसेसरांत ते नसतं. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यांत नसतं, एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही. अशा मशीनला केबल खालच्या बाजूला, ग्राफिक्स कार्डालाच लावायची. तिने बरोबर लावली होती. कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी वीज लागते, ती वायरही होती. प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर पुष्कळदा राहते, तीही होती.

मग काकांनी मल्टीमीटर काढला. बारा व्होल्टची लाइन ११.९ दाखवत होती, पाचची आणि ३.३ ची जागच्या जागी. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे बाराला ११.४ पर्यंत. सप्लाय सुटला.

इथे एक वेगळीच गोष्ट निघाली, आणि ती तुमच्या घरातही निघेल म्हणून थोडं थांबून सांगतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, असं मुलीने त्या पहिल्या दुकानात सांगितलं होतं. त्यावरूनच त्याने "बोर्ड शॉर्ट" ठरवलं. काकांनी पत्रा आणि अर्थिंग यांच्यात मोजायला गेले तर तिच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. तीन भोकं आहेत, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायर नाही. दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटवरून वायर ओढून मोजलं, पत्र्यावर ११० व्होल्टच्या आसपास. मुलीची आई घाबरली. पण हे शॉर्टसर्किट नव्हतं. एसएमपीएसच्या आत विजेतली कुरकुर गाळायला बारीक कपॅसिटर असतात, ते थोडा करंट पत्र्याकडे सोडतात, आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, झिणझिण्यांपुरता, पण चालू मशीनला एचडीएमआय केबल खुपसली तर त्यापायी पोर्ट जळू शकतो. आणि उद्या खरंच कुठे शॉर्ट झालं तर वाचवायला अर्थिंग नसणार, ते वेगळंच. खारेगाव, मनीषा नगर, विटावा इथल्या ज्या जुन्या बिल्डिंगा आहेत, त्यांत बिल्डरने दाखवण्यापुरती तीन भोकं ठेवली आणि हिरवी वायर वाचवली, हे मी तीन-चार ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय. फ्रिज आणि गिझर लावलेले सॉकेट आधी तपासून घ्या. वायरमन दहा मिनिटांत सांगतो.

झिणझिण्यांचा आणि काळ्या स्क्रीनचा संबंध नाही, एवढं नक्की झालं. काकांनी त्याच रात्री त्या सॉकेटला हिरवी वायर ओढली.

दुसऱ्या संध्याकाळी रॅम. काढून, सोन्याच्या पट्टीवर खोडरबर फिरवून, एकच दांडी ठेवून, दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलं. खोडरबर हा चेष्टेचा विषय नाही. खाडीकाठची दमट हवा आहे आपली, जुन्या मशीनमध्ये पट्टीवर थर बसतो आणि निम्म्या केसेस त्या दोन रुपयांच्या रबराने सुटतात. पण हिची रॅम नवीन. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढून, पाच मिनिटं थांबून परत लावली. काही नाही.

मग मी खालच्या मोबाइलवाल्याकडून तो बारका स्पीकर मागवला आणि पिनेवर लावला. दोन्ही रॅम काढून टाकल्या आणि मशीन चालू केलं. आता हे नीट बघा. रॅमच नाही म्हटल्यावर बोर्डाने ओरडायला पाहिजे. तो ओरडला, तर त्याचा अर्थ प्रोसेसर जागा आहे, त्याने बोर्डावरचा प्रोग्रॅम वाचायला घेतलाय आणि रॅम सापडत नाही अशी तक्रार करतोय. इथे काहीच आवाज नाही. म्हणजे मशीन रॅमपर्यंत पोचतच नाहीये, आणि ग्राफिक्स कार्ड तर त्याच्या पुढची पायरी. साडेचौदा हजारांचं नवीन कार्ड घेतलं असतं तरी स्क्रीन काळीच राहिली असती. बोर्डाच्या कडेला सुईच्या टोकाएवढे चार दिवे होते, त्यांतला 'सीपीयू' लिहिलेला लाल दिवा पेटून राहिला होता. रंगीत दिव्यांच्या गर्दीत तो कुणाला दिसला नव्हता. तिघा दुकानदारांनाही नाही, किंवा बघायचा नव्हता.

आता राहिले दोघे, बोर्ड आणि प्रोसेसर. इथे उत्तर मुलीनेच शोधलं. तिने सगळे खोके जपून ठेवले होते. बोर्डाच्या खोक्यावर कोपऱ्यात एक स्टिकर, त्यावर रायझन ३००० साठी तयार असं लिहिलेलं. ती म्हणाली, "काका, माझा प्रोसेसर तर ५००० वाला आहे."

एएम४ नावाचं हे सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझनपासून चालत आलं. तिचा बोर्ड बी४५० चिपसेटचा, ती पिढी २०१८ ची. प्रोसेसर रायझन ५ ५६००, तो बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. भोकात पिना बरोबर बसतात, कुलूप लागतं, सगळं जुळल्यासारखं दिसतं. पण बोर्डावरच्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम असतो, ज्याला बायोस म्हणतात, त्यात कुठले प्रोसेसर ओळखायचे त्याची माहिती असते. हा बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा हा प्रोसेसर जन्मालाच आला नव्हता. मतदान केंद्रावर आपण हातात कार्ड घेऊन सदेह उभे असतो आणि समोरचा म्हणतो तुमचं नाव यादीत नाही, अगदी तसं. माणूस धडधाकट, केंद्रही चालू, यादी जुनी.

उपाय सोपा, यादी नवीन घालायची. बायोसचं नवीन व्हर्जन बोर्ड कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. पण ते घालायला मशीन चालू व्हावं लागतं, आणि चालू व्हायला जुन्या यादीतला प्रोसेसर लागतो. रहिवासाचा दाखला काढायला रहिवासाचा पुरावा आणा, असं म्हणणारी ऑफिसं आपण पाहिलेली आहेत. काही महागड्या बोर्डांना एक बटण असतं, त्याने प्रोसेसरशिवायच पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येतो. स्वस्त बोर्डाला ते नसतं. म्हणजे अडचण नेमकी त्याचीच होते ज्याने पैसे मोजून मोजून खर्च केलेत.

हा घोळ नवा नाही. २०१८ मध्ये याच सॉकेटवर नव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा हेच झालं होतं, आणि एएमडीने अडकलेल्या गिऱ्हाइकांना एक साधा प्रोसेसर तात्पुरता उसना पाठवायची योजना काढली होती. बायोस भरा आणि परत करा. पुढे मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की बी४५० वर पुढच्या पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत. लोकांनी इतका आरडाओरडा केला की त्याच महिन्यात निर्णय फिरवावा लागला. मुलीचा बोर्ड आज या प्रोसेसरला चालू शकतो तो त्या आरडाओरड्यामुळे. ग्राहकांनी बोलून काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढं नोंदवून ठेवतो.

तर आम्हाला हवा होता अर्ध्या तासासाठी एक जुना प्रोसेसर. तो मिळाला कळवा नाक्याकडच्या एका रिपेअरवाल्याकडे. दुकान म्हणजे सहा बाय आठचा गाळा, बोर्डही धड नाही. त्याच्याकडे डब्यात, पिना वाकू नयेत म्हणून थर्माकोलमध्ये खोचून ठेवलेले चार जुने प्रोसेसर होते. मुलीने खोक्याचा फोटो दाखवला, तो बघून एका वाक्यात म्हणाला, "बायोस जुना आहे, दुसरं काही नाही." एवढंच. अकरा दिवस आणि तीन दुकानं.

काम त्याने समोर बसवून केलं. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि वरचा पंखा सरळ ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर कुलपासकट उपटून येतो. त्याने हेअर ड्रायरने गरम करून, पंखा डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवला. जुना प्रोसेसर बसवला, आणि त्या मशीनवर पहिल्यांदा स्क्रीन उजळली. आईने तिथेच हात जोडले. पण खरी धाकधूक पुढे होती. बायोस भरत असताना लाइट गेली तर बोर्ड खरोखरच मरतो, आणि दिवस पावसाळ्याचे. आपल्याकडे वारा सुटला तरी लाइट डोळे मिचकावते. त्याने शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा यूपीएस उचलून आणला, बॅटरी किती वेळ टिकते ते बल्ब लावून पाहिलं, मग पेन ड्राइव्ह लावला. चार मिनिटं कुणी बोललं नाही. मग परत नवीन प्रोसेसर, नवीन पेस्ट, बटण. डिस्प्ले आला. त्याने ४०० रुपये घेतले, आणि वर सांगितलं की आता हप्ताभर काही झालं तर परत या, पैसे नाही.

म्हणजे हिशेब काय? बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, सेकंडहँड कार्डसुद्धा चांगलं. एकही पार्ट बिघडलेला नव्हता. तिघांचं ऐकलं असतं तर तीन चांगल्या वस्तू भंगारात आणि पंचवीस-तीस हजारांचा दुसरा हप्ता बचत गटात. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्राच्या ग्राहक विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही काढलं. चांगलंच आहे. पण त्या डब्यातल्या चार प्रोसेसरांची आणि ते जपून ठेवणाऱ्याची नोंद कुठल्या पोर्टलवर आहे?

आता विकणाऱ्या दुकानाबद्दल. मुलीने फोन केला तेव्हा तिकडून उत्तर आलं, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." एकाच बिलावर बोर्ड आणि प्रोसेसर लिहून देणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचा. वस्तूचा दर्जा, मानक, किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी भिंतीवर शोभेला ठीक. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हा त्याच कायद्यात अनुचित व्यापार आहे. बिल न देणंही. म्हणून बिलाशिवाय दोन-पाचशे वाचवायच्या भानगडीत पडू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. मुलीने १९१५ वर तक्रार टाकलीय, फेऱ्यांचा खर्च, तपासणीचे ५०० आणि हे ४०० मागितलेत. दुकानाचं नाव म्हणूनच इथे लिहीत नाही. काय होतं ते याच पेजवर कळवीन. (कळव्यातून कळवतो, हा विनोद आमच्या शाळेपासून चालत आलाय, माफ करा.)

एक कॉन्ट्रॅक्टर या अकरा दिवसांत सुटला. दुसऱ्याचं काम ती रात्री करतेय. ह्या वेळचा हप्ता आजोबांच्या पेन्शनमधून गेला, आणि ते त्यांनी तिच्या वहीत उधार म्हणून लिहून ठेवलंय, सहीसकट.

शेवटी एक कामाचं. आम्ही त्या रिपेअरवाल्याशी बोललोय. ज्यांच्याकडे जुनं मशीन अपग्रेड केल्यावर एएम४ चा किंवा इंटेलच्या एलजीए १७०० चा जुना, चालू प्रोसेसर पडून आहे, त्यांनी तो त्याच्या डब्यात ठेवायला द्यावा, नाव-नंबर वहीत लिहून. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या वेळचे बोर्ड आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर यांचंही हेच दुखणं आहे, म्हणून दोन्ही लागतील. आतापर्यंत दोन मिळालेत, एक विटाव्याहून, एक पारसिक नगरमधून. आणि कुणाचं नवीन मशीन काळं पडून असेल, तर बदलाबदली करण्याआधी मला इनबॉक्समध्ये बोर्डाच्या खोक्याचा आणि त्या बारक्या लाल दिव्याचा फोटो पाठवा. रात्री नऊनंतर बघतो.